नाव स्पष्ट उच्चारल्यास एक गुण

ठाकुर्ली,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९५५

तीर्थरूप सौ. मावशीच्या चरणी शुभदाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. (विनंती खरोखरच आहे आणि विशेषही आहे, पण ती अगदी शेवटी येईल. आधी शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, तरी या वेळी तेवढं करू नकोस.)

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? कपिला व्याली असेल तर खरवस इथपर्यंत पोचणार नाही हे कळतं, पण निदान बातमी तरी पोचव. आईची तब्येत बरी आहे. बाबांची पॉवर हाऊसमधली पाळी बदलली, त्यामुळे ते दिवसा झोपतात आणि झोपेतसुद्धा माझ्या लग्नाचं बोलतात, असं आईचं म्हणणं. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी देव्हाऱ्याशेजारी टांगलंय. आई रोज देवांबरोबर त्यालाही हळद-कुंकू वाहते, त्यामुळे त्यावरची विद्यापीठाची मोहर आता लाल झाली आहे.

तुला आठवतं का, मी लहानपणी चिपळूणला आले की तू मला घाटातल्या देवळात न्यायचीस? त्या देवाचं आणि तुझ्या मामंजींचं नाव एकच, म्हणून तू नुसतं ‘डोंगरावरचे देव’ म्हणायचीस. एकदा गाडीवानाने कोणत्या डोंगरावरचे म्हणून विचारलं, तर तू ‘ते कुऱ्हाडवाले’ म्हणालीस. मी मात्र बैलगाडीत उभी राहून ते नाव रस्ताभर ओरडत गेले आणि तू पदरात तोंड घालून बसलीस. पुढे बी.ए.च्या वर्षी मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं, की नाव हे हाक मारण्यासाठी असतं, सासरच्या माणसांची नावं न घेणं ही स्त्रीच्या मनाची गुलामगिरी आहे, वगैरे. ते पत्र अजून घरात असलं तर कृपा करून बंबात घाल. का, ते पुढे कळेलच.

माझ्या नोकरीबद्दल आईने तुला कळवलंच असेल. (तिने ‘शुभदा दात घासायच्या कचेरीत आहे’ असं कळवलं असेल, तर ते चूक आहे.) मी ठाण्याला उतरून खाडीवरच्या पुलावरून पलीकडे कळव्याला चालत जाते. तिथे दंतमंजनाचा कारखाना आहे. मालक हरिहरराव. माणूस सज्जन, पण व्याख्यानं ऐकायचा नाद. श्रावणात ते मुंबईला असंच एक व्याख्यान ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले की पाश्चात्य देशांत माणसाचं काम थर्मामीटरने ताप मोजावा तसं मोजतात. आपल्याकडे मात्र जो वाकून नमस्कार करतो त्याला पगारवाढ मिळते. तुम्ही बी.ए. आहात, मानसशास्त्र शिकलेल्या आहात, मोजा. खंडेनवमीला निकाल लावू. जो पहिला येईल तो चक्कीखात्याचा मुकादम, आणि जो शेवटचा येईल त्याला नारळ.

मावशी, खरं सांगते, मला अतिशय आनंद झाला. नारळाचं तेवढं बरं वाटलं नाही, पण मला वाटलं, आता खऱ्या मेहनतीचं चीज होईल. आमच्या चक्कीवर मारुती म्हणून एक माणूस आहे. खडू, कापूर, लवंग, मिरी, जे काही मंजनात पडतं ते सगळं तोच दळतो आणि तोच चाळतो. चिमूट बोटांत चोळून पाहिल्याशिवाय पुढे सोडत नाही. त्याची बायको मालन डब्या भरण्याच्या खात्यात आहे. मुकादमकी मिळाली तर घराचा कूड काढून विटांची भिंत घालायची, असं तिने ठरवून टाकलेलं. मी मनात म्हटलं, शास्त्रीय मोजमाप झालं की ही भिंत उभी राहिलीच.

पण मोजायचं कसं? प्रत्येकाचं काम निराळं. डब्या भरणाऱ्या बायकांच्या मी डब्या मोजल्या, तर त्या इतक्या भराभर भरू लागल्या की झाकणं लावायचं राहू लागलं. आमचे हिशेबनीस गुरुदत्त (हे फार गोड स्वभावाचे आहेत आणि जेवणानंतर झोपतात, जेवणाआधी झोपत नाहीत असं मात्र म्हणवत नाही) यांनी लिहिलेली पानं मी मोजली, तर त्यांचं अक्षर आठवड्याभरात बोराएवढं झालं. रखवालदार दगडू. त्याने किती चोर पकडले हे मी विचारलं. एकही नाही. म्हणजे शून्य गुण. तो बिचारा इतका खचला की पुढच्याच सोमवारी त्याने चोर पकडून आणला. ते हरिहररावांचे व्याही होते. न कळवता दिवाळसणाचं बोलायला आले होते, त्यांना त्याने बर्फीच्या पुड्यासकट कोठडीत बसवलं आणि मी त्याच्या नावापुढे एक गुण लिहीपर्यंत सोडलं नाही.

राहता राहिले आमचे केमिस्ट. मंजनाची प्रत तपासून ते ‘ठीक’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतात. मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि फार नम्रपणे विचारलं, “मी जास्त वेळा ‘नाही’ म्हणालो तर माझं काम चांगलं, की कमी वेळा?” यावर मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशीही सुचलं नाही, म्हणून पुन्हा जावं लागलं. तिसऱ्या दिवशीही. (विषयच तसा गहन होता.)

शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा मी पुलावर एकटीच हसले. सर्वांना एकच माप! कोणाचं काम चोख आहे हे बरोबर काम करणाऱ्यांनाच ठाऊक असतं. तेव्हा प्रत्येकाला एकेकटं बोलवायचं आणि विचारायचं, की कारखान्यात सर्वांत चोख काम करणाऱ्या तिघांची नावं सांगा. नाव आलं की त्या माणसाला एक गुण. बहुतेक बायकांना लिहिता येत नाही, म्हणून सगळं तोंडी. पहिलाच दगडू आला आणि ‘तो आपला’, ‘तो पलीकडचा’ असं बोलू लागला. मला वाटलं, अशा मोघमपणाने शास्त्र बुडेल. म्हणून मी नियमच केला आणि दारावर लावला: नाव स्पष्ट उच्चारल्यास एक गुण, खूण, इशारा किंवा बोट दाखवणे ग्राह्य नाही.

आता तू हसायला लागली असशील. मला मात्र तेव्हा काही कळलं नाही. बायका एकेक करून आत आल्या. पदर सावरला, जमिनीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, कोणी नुसती हसली, कोणी ‘ते वं’ म्हणून थांबली. मी म्हटलं, नाव? बराच वेळ गेल्यावर, जीव सोडवून घ्यावा तशी प्रत्येक जण म्हणायची, “गुरुदत्त.” मालनने कशीबशी दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला खिडकीतून चक्कीकडे बघत उभी राहिली. मी लिहिलं, ‘तिसरे नाव नाही.’ मला तिचा जरासा रागही आला, की नवऱ्याच्या कामाची हिला कदर नाही. मी स्वतःही कारखान्यातलीच, म्हणून माझीही तीन नावं हवी होती. मी मारुतीचं दिलं, कलावतीचं दिलं (ही डब्यांच्या खात्यातली म्होरकी, तिची जीभ लवंगेनेही बधिर व्हायची नाही) आणि तिसरी जागा कोरी सोडली. निःपक्षपातासाठी.

खंडेनवमीला चक्की धुऊन-पुसून तिला झेंडूची माळ घातली. खलबत्त्याला माळ, चाळणीला माळ, गुरुदत्तांच्या दौतीलासुद्धा माळ. हरिहररावांनी निकाल वाचला. पहिले गुरुदत्त. (त्यांना उठवून सांगावं लागलं. ते घाबरून ‘मी काही केलेलं नाही’ म्हणाले, आणि मावशी, ते अक्षरशः खरं होतं.) आमचे केमिस्ट मधे कुठेतरी होते. शेवटून दुसरा दगडू. शेवटचा मारुती. महिनाअखेर नारळ.

 मारुतीने कमरेचं फडकं सोडलं, झटकलं आणि चक्कीवर ठेवलं. मालन खाली बघत होती.  मी सगळ्यांसमोर म्हणाले की हे कसं झालं? तुम्हा बायकांपैकी एकीलाही मारुतीचं काम चोख वाटत नाही? तेव्हा कलावती पुढे आली.

“बाय, तुमी नाव इचारलंव. काम कुठं इचारलंव?”

आणि मग तिने माझ्यासमोर एकेकीला उभं करून, नाव न घेता, मारुतीकडे नुसतं बोट करत दाखवलं. स्वतःचा सासरा मारुती. हिचा थोरला दीर मारुती. तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ मारुती. पलीकडचीचा दादला मारुती. मालनचा तर हाच. कळव्यात, बाळकुमात घरटी एक मारुती असतो, मावशी, आणि दोन घरांआड एक दगडू. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव ज्या बाईने जन्मात तोंडावाटे काढलं नाही, ती ते माझ्या खोलीत एका गुणासाठी काढणार होती थोडीच! आणि गुरुदत्त हे नाव पंचक्रोशीत कोणाच्याही सासऱ्याचं नाही. म्हणून ते पहिले.

मी ताबडतोब हरिहररावांना सांगितलं की मोजमाप चुकलं, निकाल रद्द करा. ते म्हणाले, निकाल हत्यारांसमोर वाचला गेला, आता फिरवणं म्हणजे हत्यारांचा अपमान. शिवाय नियम तुमचाच आहे. फार तर ज्यांना नाव घ्यायचंय त्यांनी आत्ता इथे घ्यावं, मी मोजतो. सगळ्या बायका एकमेकींच्या मागे सरकल्या. सासऱ्याच्या नावाला तर उखाण्याचीही सोय नाही. पण नवऱ्याच्या नावाला असते, म्हणून कलावतीने मालनच्या पाठीत कोपर मारलं. मालन डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढून पुढे आली आणि चक्कीकडे तोंड करून म्हणाली,

“खडू दळला, कापूर दळला, मंजन झालं वस्त्रगाळ,
मारुतीरावांचं नाव घेते, त्यांनाही घाला एक माळ.”

मला रडू आलं. (बी.ए.ला रडू येऊ नये असा काही नियम नाही.) हरिहररावांनी ‘वा’ म्हटलं, प्रसादाचा पेढा दिला, आणि एक गुण मांडला. त्या एका गुणाने मारुती दगडूच्या बरोबरीला आला, म्हणजे दोघंही शेवटचे झाले आणि दगडूसुद्धा रडायला लागला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी गुरुदत्त मुकादम चक्कीखात्यात रुजू झाले. आमच्याकडे अशी रीत आहे की दसऱ्यानंतरच्या पहिल्या दळणाचं मंजन मालक स्वतः सगळ्यांसमोर दातांना लावतात, मग माल बाहेर पडतो. गुरुदत्तांनी दळण लावलं आणि सवयीप्रमाणे जरा टेकले. जाग आली तेव्हा आठवड्याची लवंग, मिरी आणि कापूर एकाच दळणात पडून गेलं होतं, आणि चाळायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या केमिस्टांनी चिमूट हातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाले, “नाही.” हरिहरराव चिडले. गुणांच्या यादीत तुमच्या वर असलेल्या माणसाचं हे दळण आहे, म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत भरपूर मंजन बोटावर घेऊन दाढांपर्यंत लावलं.

पुढचं वर्णन करताना मालकांविषयीचा आदर राखणं अवघड आहे. पहिल्यांदा त्यांचे कान लाल झाले. मग ते जागच्या जागी नाचल्यासारखे हलू लागले. आमच्या केमिस्टांनी तांब्याभर पाणी धरलं, त्याने आग आणखी पसरली, म्हणून तेच धावत जाऊन दही घेऊन आले. ओठ सुजले, जीभ बधिर झाली, शब्द फुटेना. डोळ्यांतून धारा लागलेल्या अशा अवस्थेत हरिहररावांनी बाहेर अंगणात बसलेल्या मारुतीकडे बोट दाखवलं, मग चक्कीकडे दाखवलं, मग पुन्हा मारुतीकडे. अर्थ लहान मुलालाही कळला असता.

कलावती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, “शेठ, बोट दाखवून चालायचं नाय. दारावर लिवलंय. नाव घ्या.”

शेठनी फार प्रयत्न केला. नुसती वाफ आली. त्यांनी माझ्याकडे अशा केविलवाण्या नजरेने पाहिलं की मी उठले, दारावरचा नियम फाडला आणि जाहीर केलं की आजपासून खूण, इशारा आणि बोट हे सर्व ग्राह्य आहे. चक्कीवर कोण हवं ते प्रत्येकाने दाखवावं. मावशी, तू असायला हवी होतीस. डब्यांच्या खात्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम हात वर केले, बांगड्या वाजल्या, आणि सगळी बोटं अंगणाकडे गेली. कोणी हनुवटीने दाखवलं, कोणी भुवईने. दगडूने काठीने दाखवलं. गुरुदत्तांनी तर दोन्ही हातांनी. हरिहररावांचं बोट होतंच. मालनने मात्र बोट दाखवलं नाही. तिने चक्कीवरची झेंडूची माळ काढली आणि मारुतीच्या हातात दिली. गळ्यात घालायचं तिला सगळ्यांदेखत जमलं नाही, ते त्याने स्वतःच घातलं आणि लगेच चाळणी उचलली.

मारुती आता मुकादम आहे. विटा आल्या आहेत. गुरुदत्त आपल्या मेजावर सुखाने परतले. मुकादमकीत फार जागं राहावं लागतं, म्हणाले. दगडू जागच्या जागी आहे, मात्र व्याही आले की तो आता सलाम करतो. नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. हरिहररावांना दोन दिवसांनी बोलता येऊ लागलं, तेव्हा पहिलं वाक्य ते हे बोलले, की शुभदाबाई, आता तुमचं काम मोजायचं राहिलं. मी नव्या पद्धतीने बायकांना माझ्याविषयी विचारलं. कलावतीने बराच विचार केला आणि म्हणाली, “आदी तुमचं काम काय ते सांगा, मंग दावतो बोट.”

तर माझी नोकरी अशी चालली आहे. काकांना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद, कपिलेच्या पाठीवरून माझा म्हणून एक हात फिरव. चुकलं-माकलं असेल तर ते माझं. अक्षर वळणदार असेल तर ते तू गिरवून घेतलेलं.

तुझीच,
शुभदा

ता. क. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं, की मालकांपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांची नावं त्यात आली आहेत, फक्त एकाचं राहून गेलं. तुझ्याही लक्षात आलंच असेल. तीच विनंती, तीच विशेष. त्यांच्या घरची माणसं दिवाळीनंतर बाबांना भेटायला येणार आहेत. माणूस कसा आहे ते मी गुणांत सांगू शकत नाही, मोजमापावरचा माझा विश्वास उडाला आहे. पण मालक रागावतील हे ठाऊक असूनही ते ‘नाही’ म्हणाले आणि नंतर त्यांनीच दही आणलं, एवढं लक्षात घे. अडचण अशी की ते साताऱ्याकडचे आहेत, आणि बाबा म्हणतात, आमटीत गूळ न घालणाऱ्या घाटावरच्या लोकांत मुलगी द्यायची नाही. ते फक्त तुझं ऐकतात. तेव्हा भाऊबिजेला तू स्वतः ये आणि त्यांच्याकडे शब्द टाक.

ता. क. २. बाबा पहिला प्रश्न नावाचाच विचारतील. ते मी लिहायला घेतलं होतं. वर मोठा डाग दिसतो आहे ना, तो त्याचाच. अजून काही ठरलेलंसुद्धा नाही, तरी लेखणी उठत नाही. हसू नकोस. माझ्या यादीतली ती तिसरी कोरी जागाही निःपक्षपाताची नव्हती. तू ओळखशील असं सांगते: लहानपणी मी तुझ्या बैलगाडीत उभी राहून जे ओरडत होते, तेच.

ता. क. ३. म्हणजे आता ते नाव तुलाही घेता येणार नाही आणि मलाही. काकांना बरोबर आण. आपल्या वडिलांचं नाव त्यांना घेता येतं.